नावाचा अज्ञातवास : ‘उकंडा’ या पुरुषनामाची व्युत्पत्ती आणि अर्थ

१

सौंदड हे गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील गाव. मुंबई-कोलकाता महामार्ग या गावावरून जातो आणि गोंदिया-चांदाफोर्ट लोहमार्गावर या नावाचे स्थानक आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत हे गाव भंडारा जिल्ह्यात मोडत असे. नामाभ्यासकाचे लक्ष या ग्रामनामाकडे सहज जाते, कारण ‘सौंदड’ हा मराठीत एका झाडाचाही वाचक शब्द आहे. संस्कृतात जिला शमी म्हणतात तिचे ते देशी नाव. आमगाव, मोहगाव, पळसगाव अशी वृक्षांवरून पडलेली ग्रामनामे या प्रदेशात पुष्कळ आढळतात. त्यांच्या पंक्तीत सौंदडलाही बसवावे असे सुचणे स्वाभाविक आहे. मात्र शमी हा मुख्यतः कोरड्या मुलखातला वृक्ष आहे, आणि सौंदड ज्या झाडीपट्टीत आहे ती भाताची, तलावांची व जंगलाची भूमी आहे. दोन शब्दांचा उच्चार एक असला म्हणजे त्यांचे मूळ एक असतेच असे नाही. नामाचा कोशगत अर्थ आणि नामकरणामागील हेतू यांत अंतर असू शकते, एवढी सावधगिरी हे ग्रामनाम आरंभीच शिकवते.

शमीची जी कथा महाराष्ट्रात दसऱ्याच्या निमित्ताने सर्वपरिचित आहे, तिच्यातील एक तपशील मात्र सहसा सांगितला जात नाही. विराटपर्वात पांडव अज्ञातवासास निघताना आपली शस्त्रे स्मशानाजवळच्या शमीवर बांधून ठेवतात. केवळ उंची आणि काटे यांवर त्यांचा भरवसा नाही. ते त्या झाडाला एक प्रेतही बांधतात आणि वाटेतल्या गुराख्यांना सांगतात की ही आमची एकशे ऐंशी वर्षांची आई आहे, प्रेत असे झाडाला बांधणे हा आमचा कुलधर्म आहे. दुर्गंधीमुळे झाडाकडे कोणी फिरकणार नाही, ही त्यामागील योजना. जे सर्वांत मोलाचे, त्याच्याभोवती जुगुप्सेचे कुंपण घालावयाचे. याच पर्वात पांडव कंक, बल्लव, बृहन्नला, ग्रंथिक आणि तंतिपाल ही नावे धारण करतात. शस्त्रे आणि नावे एकाच वेळी झाकली जातात, हे येथे अर्थपूर्ण आहे.

मराठी पुरुषनामांत या योजनेशी तंतोतंत जुळणारे एक नाव आहे : ‘उकंडा’. विदर्भात ते एकेकाळी गावोगाव ऐकू येई. आज ते दुर्मिळ झाले आहे. प्रतिष्ठित रूपात ते ‘उकंडराव’ होते, वऱ्हाड-खानदेशाकडे ‘उकर्डा’, ‘उखर्डू’ अशी त्याची भावंडे भेटतात. त्याचा शब्दार्थ उकिरडा. आपल्या मुलाचे नाव कोणी उकिरडा का ठेवावे, या प्रश्नाला दोन उत्तरे दिली जातात. मानवशास्त्र म्हणते, मूल जगावे म्हणून. जातिव्यवस्थेची चिकित्सा म्हणते, शूद्राचे नाव निंद्यच असावे असा दंडक होता म्हणून. पहिल्या उत्तरात माया आहे, दुसऱ्यात अपमान आहे. आणि दोन्ही उत्तरे आपापल्या जागी साधार आहेत. एकाच नामाचे हे परस्परविरोधी अर्थ कसे संभवतात, आणि साहित्यकृतीत असे नाम आले असता समीक्षेने ते कसे वाचावे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

२

प्रथम या नामाचे त्याच्या परिसरातील स्थान पाहिले पाहिजे. पूर्व विदर्भातील जुन्या पिढीच्या नावांत जन्मकाळाची नोंद करणारी नावे मोठ्या संख्येने आढळतात. मंगरू, बुधा, सुक्रू, शनिराम, इतवारी ही वारांवरून आलेली. चैतू, चैतराम, फागू ही महिन्यांवरून आलेली. ‘मंगरू’ हे रूप झाडी बोलीच्या ध्वनिव्यवस्थेची साक्ष देते, कारण तीत ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो आणि मंगळाचा ‘मंगर’ होतो. शेजारच्या छत्तीसगढाशी सामाईक असलेले ‘दुकालू’ हे नाव दुष्काळातला जन्म सांगते. ही सारी नावे वृत्तान्तवाचक आहेत. ती धारण करणाऱ्याच्या जन्माविषयी एक सत्य विधान करतात आणि ते विधान ऐकणाऱ्या कोणालाही सारखेच समजते.

‘कचरू’, ‘दगडू’, ‘धोंडू’, ‘भिकू’, ‘उकंडा’ हा गट वेगळा आहे. कोणतेही मूल कचरा नसते, दगड नसते. ही नावे जन्माचा वृत्तान्त सांगत नाहीत. ती काहीतरी घडवून आणू पाहतात. ज्या घरी आधीची मुले दगावली असतील त्या घरी नवे मूल सुपात घालून उकिरड्यावर ठेवावे, दुसऱ्या बाईने ते सापडल्यासारखे उचलावे, मूठभर धान्याच्या मोलाने आईला ‘विकावे’ आणि त्याचे नाव उकंडा, भिकू किंवा असेच काही ठेवावे, अशी चाल भारताच्या अनेक भागांत होती. रिचर्ड टेंपल यांनी १८८३ साली पंजाबी विशेषनामांवर लिहिलेल्या प्रबंधात अशा निंदाव्यंजक नामांची दखल घेतली आहे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाति-जमातींवरील १९१६ च्या चार खंडांतही ती आढळतात. वासाहतिक मानववंशशास्त्राने या नामांची नोंद केली हे त्याचे श्रेय. पण ती ‘अंधश्रद्धा’ या खणात टाकून त्याने त्यांच्या अर्थव्यापाराचा विचार थांबवला, ही त्याची मर्यादा.

शब्दाचा विचार केला तर ‘उकिरडा’ हा नुसता घाणीचा वाचक नाही. कृषिजीवनात उकिरडा म्हणजे शेण, राख, केरकचरा कुजून खत होण्याची जागा. घरातून जे बाहेर टाकले ते वर्षाअखेर शेतात जाते आणि धान्य होऊन परतते. ‘उकिरड्याची दैना बारा वर्षांनी देखील फिटते’ ही म्हण याच अनुभवातून आली आहे. टाकून देणे आणि परत मिळणे हे दोन्ही व्यापार या एका जागेशी बांधलेले आहेत. मूल दगडावर किंवा वाटेवर न ठेवता उकिरड्यावर ठेवले जाते, त्यात हा परतीचा संकेतही असावा. म्हणून ‘उकंडा म्हणजे घाण’ असा एकपदी अर्थ सांगणे हे अर्धेच सांगणे ठरते. बाळांच्या नावांच्या पुस्तिकांत प्रत्येक नावापुढे एक अर्थ देण्याची जी पद्धत आहे ती अशा नामांपुढे निष्प्रभ होते, आणि बहुधा म्हणूनच ही नामे त्या पुस्तिकांत नसतात.

३

या चालीचे आणि शब्दाचेही प्राचीनत्व अर्धमागधी आगमांत दिसते. ‘विपाकसूत्रा’च्या दुसऱ्या अध्ययनात वाणिज्यग्रामातील सार्थवाह विजयमित्र आणि त्याची पत्नी सुभद्रा यांची कथा आहे. सुभद्रेची मुले जन्मताच दगावत. अशा स्त्रीला प्राकृतात ‘जायनिंदुया’ अशी संज्ञाच आहे. पुढे तिला मुलगा होतो तेव्हा ती त्याला एकान्तातील ‘उक्कुरुडिया’वर टाकवते आणि पुन्हा उचलून आणवते. बारशाच्या वेळी आईबाप म्हणतात की या मुलाला जन्मताच उकिरड्यावर टाकले होते, तेव्हा याचे नाव ‘उज्झियअ’, म्हणजे टाकलेला, असे असावे. याच ग्रंथातील दुसऱ्या एका मुलाला गाड्याखाली ठेवतात म्हणून त्याचे नाव ‘सगड’ पडते. ‘उक्कुरुडिया’ आणि मराठी ‘उकिरडा’ यांचे नाते उघड आहे. विदर्भातला उकंडा आणि आगमातला उज्झितक यांच्यामध्ये काळाचे प्रचंड अंतर असले तरी आईची भीती तीच आहे आणि उपायही तोच आहे.

दोन गोष्टी येथे विशेष ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, सुभद्रा दरिद्री किंवा हीन मानल्या गेलेल्या कुळातील नाही. ती श्रेष्ठीकुळातील आहे. मृत्यूच्या भीतीने निंद्य नाव ठेवणे ही एखाद्या जातीची मिरास नव्हती. दुसरी गोष्ट कथनाच्या रचनेशी संबंधित आहे. ‘विपाकसूत्र’ हा कर्माच्या फळांचा ग्रंथ आहे. बालपणी नावामुळे वाचलेला उज्झितक पुढे आईबापांना मुकतो, घरातून हाकलला जातो आणि अखेर वध्यभूमीकडे नेला जातो. आईने खोटेखोटे ठेवलेले नाव कथनाने खरे करून दाखवले आहे. नामकरणाच्या क्षणी जो बहाणा होता तो कर्मविपाकाच्या चौकटीत भविष्य ठरतो. एकाच नामाचे आईने केलेले वाचन आणि ग्रंथाने केलेले वाचन असे दोन स्तर या कथेत स्पष्ट दिसतात.

याच परंपरेतील ‘निरयावलिका’ ग्रंथात कूणिकाची कथा आहे. तीत राणी चेल्लणा नवजात मुलाला खरोखरच नको म्हणून उकिरड्यावर टाकवते; राजा श्रेणिक त्याला परत आणतो. उकिरड्यावर कोंबड्याने त्याच्या बोटाला जखम केलेली असते आणि त्या व्यंगावरून त्याचे नाव ‘कूणिक’ पडते. जेथे टाकणे खोटे होते तेथे नाव ‘टाकलेला’ असे उघड सांगते. जेथे ते खरे होते तेथे नाव त्या कृत्याविषयी मौन पाळते आणि बोटाची जखम तेवढी दाखवते. नाम आणि वस्तुस्थिती यांचा संबंध सरळ नसतो. कित्येकदा तो उफराटा असतो.

४

विशेषनामाला अर्थ असतो काय, हा प्रश्न भारतीय परंपरेला नवा नाही. पतंजलीने महाभाष्यात शब्दांची प्रवृत्ती चार प्रकारची मानली : जाती, गुण, क्रिया आणि यदृच्छा. ‘डित्थ’सारखी नावे यदृच्छाशब्द होत, ती वक्त्याच्या इच्छेने व्यक्तीला चिकटवलेली असतात. त्याच पतंजलीने पुत्राचे नाव कसे असावे याचाही नियम उद्धृत केला आहे : आरंभी घोष वर्ण, मध्ये अंतस्थ, अक्षरे दोन किंवा चार, आणि ते शत्रुकुळात रूढ नसावे. या नियमात ध्वनी आणि कुल यांचा विचार आहे. नावाचा अर्थ शुभ असावा ही अट नाही. जातककथांतील ‘नामसिद्धिजातक’ याहून पुढे जाते. ‘पापक’ नावाचा विद्यार्थी चांगले नाव शोधायला निघतो. वाटेत त्याला ‘जीवक’ नावाचा मेलेला माणूस, ‘धनपाली’ नावाची दरिद्री दासी आणि ‘पंथक’ नावाचा वाट चुकलेला वाटसरू भेटतो, आणि तो आपले जुने नाव घेऊनच परततो. नाव ही केवळ ओळखीची खूण आहे, असे कथेचे तात्पर्य.

पाश्चात्त्य विचारात जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली हीच भूमिका मांडली : विशेषनाम निर्देश करते, गुणबोध करीत नाही. सॉल क्रिप्कीने १९७० च्या व्याख्यानांत तिला नवे बळ दिले. नाव एकदा नामकरणाने व्यक्तीशी जोडले गेले की वापराच्या साखळीने ते तिचाच निर्देश करीत राहते, मग तिचे वर्णन काहीही असो. उलट क्लोद लेव्ही-स्त्रोसने १९६२ च्या ग्रंथात दाखवले की नाव ठेवणारा नेहमीच वर्गीकरण करीत असतो. तो एकतर नामधारकाचा वर्ग ठरवतो, नाहीतर त्याच्याद्वारे स्वतःचा.

या दोन्ही मतांनी ‘उकंडा’चे रहस्य पुरते उलगडत नाही. तो यदृच्छाशब्द नाही, कारण त्याचा अर्थ ऐकू यावा यासाठीच तो निवडला आहे. अर्थ ऐकू आला नाही तर नावाचे कामच होत नाही. तो सरळ वर्गीकरणही नाही, कारण ठेवणाऱ्याच्या मनात मूल उकिरड्याच्या वर्गात नाही. येथे मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या तिसऱ्या उल्लासात आर्थी व्यंजनेची जी कारणे सांगितली आहेत ती अधिक उपयोगी पडतात. वक्ता कोण, बोद्धव्य कोण, आणि ‘अन्यसंनिधी’, म्हणजे जवळ तिसरा कोण आहे, यांवर व्यंग्यार्थ अवलंबून असतो. बोलणे एकाला उद्देशून आणि ऐकवायचे दुसऱ्याला, ही काव्यातली परिचित रचना आहे. ‘उकंडा’ या नामाची रचना नेमकी हीच आहे. आई हाक मारते मुलाला; पण ते नाव ऐकवायचे असते मृत्यूला, नजरेला, सटवाईला. हे मूल नेण्याजोगे नाही, असे त्या अदृश्य तिसऱ्याला सांगितले जाते. मुलाला आणि घरच्यांना मात्र ठाऊक असते की हे सांगणे खोटे आहे. वरवर निंदा आणि अंतर्यामी स्तुती असलेल्या व्याजस्तुतीचाच हा एक प्रकार म्हणता येईल. फरक एवढाच की येथे श्रोत्याला व्यंग्यार्थ कळू नये अशी वक्त्याची इच्छा आहे. मृत्यूने अभिधेवर थांबावे आणि घराने व्यंजनेपर्यंत जावे, अशी ही योजना आहे.

यातून एक निष्कर्ष अटळपणे निघतो. ज्या उक्तीचा अर्थ तिसऱ्या श्रोत्यावर अवलंबून आहे, तिचा अर्थ तो श्रोता बदलताच बदलतो. घराच्या उंबऱ्याबाहेर, शाळेच्या हजेरीपटात, पाटलाच्या चावडीवर, साहेबाच्या टेबलापुढे त्या नावाचा उच्चार होतो तेव्हा तेथे मृत्यू ऐकत नसतो. माणसे ऐकत असतात. त्यांना बहाण्याचे गुपित ठाऊक नसते, किंवा ठाऊक असूनही त्याची फिकीर नसते. तेव्हा अभिधाच शिल्लक राहते. मायेचे नाव शिवी होऊन परत येते.

५

जातीचा प्रश्न नेमका या ठिकाणी येतो. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे जुगुप्सित असावे असे विधान आहे. येथे जुगुप्सा हे रक्षणाचे साधन नसून दर्जाची खूण आहे. विराटपर्वातील प्रेत शस्त्रांचे रक्षण करण्यासाठी झाडाला बांधले होते. मनूच्या विधानात ते माणसाच्या गळ्यात कायमचे बांधले आहे.

केवळ या विधानावरून सारी निंद्य नावे शूद्रत्वाची चिन्हे ठरवणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. उज्झितकाचा दाखला वर आलाच आहे. त्याहून जुना दाखला ऐतरेय ब्राह्मणातील शुनःशेपाचा. अजीगर्त या ब्राह्मणाच्या तीन मुलांची नावे शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलांगूल अशी, म्हणजे कुत्र्याच्या शेपटीची व जननेंद्रियाची वाचक आहेत. मधला मुलगा वरुणाच्या बळीसाठी विकला जातो, यूपाला बांधला जातो, देवांच्या स्तुतीने सुटतो आणि विश्वामित्राचा दत्तक पुत्र होऊन ‘देवरात’, देवांनी दिलेला, हे नाव मिळवतो. मृत्यू, विक्री, निंद्य नाव आणि सुटका हे उकंड्याच्या चालीतील सारे घटक या वैदिक कथेत आहेत. आणि त्यांच्या जोडीला आणखी एक महत्त्वाचा घटक आहे, तो म्हणजे दुसरे नाव. संकट टळल्यावर शुनःशेप देवरात होतो. पांडवही वर्ष संपताच कंक-बल्लव ही नावे टाकून स्वतःची नावे परत घेतात. अज्ञातवासाला मुदत आहे.

मराठी समाजात ही मुदत सर्वांना सारखी मिळाली नाही. ‘धोंडो’ या नावाचे उदाहरण घेता येईल. धोंडा म्हणजे दगड. ‘दगडू’ आणि ‘धोंडू’ यांचा शब्दार्थ एकच. पण ब्राह्मण घरातील धोंडोपंताच्या नावाला धुंडिराज, म्हणजे गणपती, असे दुसरे मूळ सहज उपलब्ध होते. १८५७ च्या उठावातील नानासाहेब पेशवे यांचे नाव धोंडोपंत होते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले. त्यांच्या नावातील दगड कोणी त्यांच्या तोंडावर फेकला नाही. तेच नाव गावकुसाबाहेर ‘धोंड्या’ झाले की धुंडिराज नाहीसा होतो आणि नुसता धोंडा उरतो. व्युत्पत्ती ही भाषाशास्त्रीय वस्तुस्थिती मानली जाते. व्यवहारात मात्र कोणत्या नावाला कोणती व्युत्पत्ती लागू करावयाची हे नामधारकाच्या जागेवरून ठरत आले आहे. प्रत्ययांचेही तसेच. ‘उकंडा’ला ‘राव’ लागून उकंडराव होतो तो जमीनजुमला असलेल्या घरात. ज्याच्याकडे ते नाही त्याचा ‘उकंड्या’ होतो. उकिरडा दोघांच्याही नावात आहे. एकात तो आदरार्थी प्रत्ययाने झाकला जातो, दुसऱ्यात तुच्छतादर्शक प्रत्ययाने उघडा पडतो.

मराठी साहित्यात या प्रश्नाला सर्वांत थेटपणे भिडलेली कृती म्हणजे दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८). लेखकाचे जन्मनाव दगडू मारुती पवार. आणि आत्मकथनाची रचनाच अशी की, शिकलेल्या, लेखक म्हणून मान्यता पावलेल्या दया पवारला दगडू आपली जीवनकथा सांगतो. समीक्षेने या रचनेचा विचार बहुधा दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वाच्या अंगाने केला आहे. नामविचाराच्या दृष्टीने पाहिल्यास वेगळी गोष्ट दिसते. ‘दगडू’ हे नाव ज्या तिसऱ्या श्रोत्यासाठी होते तो, म्हणजे बालमृत्यू, या कथनात उरलेला नाही. त्याची जागा गाव, शाळा आणि कचेरी यांनी घेतली आहे, आणि हे श्रोते त्या नावात मनूचे विधानच ऐकतात. ‘दया’ हे दुसरे नाव कोणा विश्वामित्राने दिलेले नाही. ते लेखकाने लेखणीने स्वतः मिळवले आहे. तरीही दगडूला टाकून देऊन दया एकटा बोलू शकत नाही. शुनःशेप देवरात झाल्यावर त्याला जुन्या नावाने बोलावण्याची गरज कथेला उरत नाही. ‘बलुतं’मध्ये मात्र सांगण्याजोगे सारे जुन्या नावाजवळच आहे. दगडू हा बोलणारा आणि दया हा ऐकणारा, अशी मांडणी करून लेखकाने त्या नामाला प्रथमच एक असा श्रोता दिला ज्याला आतला आणि बाहेरचा असे दोन्ही अर्थ ठाऊक आहेत. या कृतीचे मोल केवळ अपमानाची नोंद करण्यात नाही. अपमानित नावाला त्याचा हरवलेला जाणता श्रोता परत मिळवून देण्यातही आहे.

६

ही मांडणी पुरुषनामांपुरती मर्यादित का ठेवावी लागते, याचे उत्तर ‘नकोशी’ या स्त्रीनामात मिळते. २०११ साली सातारा जिल्ह्यात अडीचशेहून अधिक मुलींची ‘नकुसा’, ‘नकोशी’ ही नावे जाहीर समारंभात बदलण्यात आली. वरवर पाहता ‘नकोशी’ आणि ‘उकंडा’ एकाच जातीची नावे वाटतात. दोहोंत नकार आहे आणि दोन्ही अदृश्य शक्तीला ऐकवण्यासाठी आहेत. पण ‘उकंडा’ त्या शक्तीला खोटे सांगतो, ‘नकोशी’ खरे सांगते. एकाला राखण्यासाठी नकाराचा बहाणा केला जातो; दुसरीला नाकारून पुढच्या खेपेस मुलगा मागितला जातो. मुलाच्या निंद्य नावाला निदान घराच्या आत तरी मायेचा अर्थ होता. नकोशीच्या नावाला घराच्या आतही तो नाही. रचनेचे साम्य म्हणजे अर्थाचे साम्य नव्हे, हे येथे पुन्हा दिसते.

याच विदर्भात विसाव्या शतकात निंद्य नावाचा तिसरा प्रकारही घडला : स्वतःहून स्वीकारलेले नाव. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ साली जन्मलेल्या माणिक बंडोजी इंगळे यांना त्यांचे गुरू आडकोजी महाराज यांनी ‘तुकड्या’ म्हटले आणि त्यांनी तीच आपली काव्यमुद्रा केली. शेंडगावच्या डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांना हातातल्या गाडग्यावरून लोकांनी गाडगेबाबा म्हटले. माणकाचा तुकडा होणे हा शुनःशेप-देवरात क्रमाचा नेमका उलट प्रवास आहे. येथे जुगुप्सा झाकण्यासाठी नाही आणि दर्जा दाखवण्यासाठीही नाही. नामधारक तिचा स्वतःच वक्ता झाला आहे. लोकांनी ‘तुकड्या’चे ‘तुकडोजी’ केले, तरी भजनाच्या शेवटी तुकड्याच बोलत राहिला. उकंडा, दगडू आणि तुकड्या ही तीन नावे शेजारी ठेवली म्हणजे दिलेले, लादलेले आणि स्वीकारलेले अशा निंद्य नामाच्या तीन अवस्था दिसतात. ‘दगडू’ हे मूलतः दिलेले नाव, समाजाच्या तोंडी लादलेले झाले; यावरून या अवस्था शब्दात नसून उच्चाराच्या परिस्थितीत आहेत, हे स्पष्ट व्हावे.

आज उकंडा हे नाव मागे पडले आहे. प्रसूती रुग्णालयात होतात, लसी टोचल्या जातात, आणि मूल जगेल की नाही ही भीती पूर्वीइतकी घराघरात राहिलेली नाही. नाव ज्या श्रोत्याला ऐकवायचे तो बराच दूर गेला आहे. त्या जागी आलेली संस्कृतप्रचुर नावे कुळाची हौस आणि समाजातील आकांक्षा सांगतात. लेव्ही-स्त्रोसच्या भाषेत, नाव ठेवणारे आता स्वतःचे वर्गीकरण करतात. या बदलात खेद मानण्यासारखे काही नाही. परंतु मराठी कथा-कादंबरी, आत्मकथने आणि लोककथा यांत ही जुनी नावे शिल्लक आहेत, आणि त्यांचे वाचन सोपे झालेले नाही. ग्रामीण साहित्याची समीक्षा त्यांना ‘प्रादेशिक रंग’ म्हणून संपवते; दलित साहित्याची समीक्षा त्यांत जातिव्यवस्थेचा डाग तेवढा पाहते; लोकसाहित्याचा अभ्यास नवस-सायासाच्या यादीत त्यांची नोंद करून थांबतो. या तिन्ही वाचनांत नावाचा शब्दार्थ गृहीत धरलेला असतो आणि नावाचा उच्चार कोणी, कोणासमोर, कोणाला ऐकवण्यासाठी केला हे विचारलेले नसते.

हा प्रश्न विचारला की पुष्कळ गोष्टी बदलतात. कादंबरीतील आई ‘उकंड्या’ म्हणून हाक मारते आणि तिच्या पाठोपाठ सावकार त्याच शब्दाने हाक मारतो, तेव्हा पानावर शब्द एकच असतो, पण संहितेत दोन नावे असतात. अनुवादकापुढेही तोच पेच येतो; नावाचा अर्थ सांगावा तर आईची हाक शिवी होते, न सांगावा तर सावकाराची शिवी नुसती हाक होते. विराटनगराच्या वाटेवरच्या गुराख्यांना झाडावरचे प्रेतच दिसले आणि त्यांनी ते खरे मानले. त्यांच्याकडून तशीच अपेक्षा होती. पांडवांना मात्र आत काय आहे ते ठाऊक होते. समीक्षेला गुराख्यांच्या जागी उभे राहून चालणार नाही. आणि प्रेत बांधलेच नव्हते असे म्हणूनही चालणार नाही.